एलोजी तेल्याची खजिनदारी

एलोजी म्हसळेकर यहुदी आहे हा शोध रत्नागिरीला एकोणीसशे सत्तावीस सालच्या हिवाळ्यात लागला. तोवर तो नुसता तेली होता. शनिवारी घाणा बंद ठेवायचा म्हणून शनवारतेली, एवढंच. त्याचा बाप म्हसळ्याकडून गलबतात बसून आला होता. त्याने खालच्या आळीत घाणा मांडला आणि म्हातारपणी तो एलोजीच्या हाती देऊन डोळे मिटले. खोबरेल, तिळाचं गोडं तेल, दिव्याला उंडीचं कडू तेल. माप ओतताना एलोजीचा हात जरा जास्तच कलायचा. उधारीचा हिशेब तोंडी असायचा, आणि तोही बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या तोंडचा.

आळीला त्याच्यात वावगं असं एकच दिसे. तो कोलंबी खात नसे. मिरकरवाड्याहून टोपली घेऊन येणारी जनी दारोदार सांगायची, "खवलं नाय त्या म्हावऱ्याला हात लावीत नाय. कुर्ली नाय, कालवं नाय, मुशी नाय. मग ह्या मानसानं रत्नागिरीत जन्म घेतलान तो कशाला?" शुक्रवारी मात्र ती त्याच्यासाठी दोन दिवसांना पुरतील एवढे बांगडे बाजूला ठेवायची, कारण शनिवारी त्या घरात चूलही पेटत नाही हे तिला ठाऊक होतं. आश्विनाच्या सुमारास त्यांचा दारफाळणीचा सण यायचा. त्या दिवशी नवराबायको पांढरे कपडे घालून, दार लावून, उपाशीपोटी प्रार्थना करत बसायची. दुसऱ्या दिवशी दार उघडलं की एलोजीची बायको सारूबाई आळीत गोडधोड वाटायची. लोक गोड खायचे आणि दाराचं विसरून जायचे.

हे सगळं बदललं ते आत्मारामपंत फणसळकर वकिलांच्या व्याख्यानाने. पंतांची वकिली बेताची होती, पण वाचन दांडगं होतं. मुंबईहून आलेली इंग्रजी पुस्तकं ते रात्रीत संपवत आणि पुढचं वर्षभर गावाला ऐकवत. त्या वर्षी त्यांनी वाचनालयात विषय घेतला, 'जगातील सावकारी : उगम आणि उपाय.' अध्यक्ष म्हणून काशीरामशेट शेट्ये. निवड अगदी योग्य होती, कारण अर्ध्या बाजाराच्या गहाण पाटल्या काशीरामशेटांच्या तिजोरीत होत्या, आणि एकदा आत गेलेली पाटली बाहेर आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

पंत दोन तास बोलले. व्याज ही गोष्ट यहुदी लोकांनी काढली, राजे त्यांच्या मुठीत, लढाया त्यांच्या खर्चाने, विलायतेतल्या पेढ्या त्यांच्या. पोलंडातल्या कुळांचं त्यांनी केलेलं वर्णन इतकं हृदयद्रावक होतं, की काशीरामशेटांनी उपरण्याने डोळे पुसले. पंतांच्या पुस्तकात एक पान असंही होतं, की त्या देशांत या लोकांना जमीन घेऊ देत नसत, कारागिरांच्या संघात शिरू देत नसत, आणि मग सावकारी का करता म्हणून झोडपत. ते पान पंतांनी वेळेअभावी वगळलं.

मागच्या बाकावरून भिकाजी मास्तर उठले. ते पेन्शनीत निघालेले शिक्षक, शंका विचारण्याची खोड जाता जात नव्हती. "पंत, आपल्या स्मृतींत कुठल्या वर्णाकडून किती टक्के घ्यावे ते लिहिलंय. ते कुठल्या यहुद्याने लिहिलं?"

"तो वेगळा विषय आहे," पंत म्हणाले.

मग कुणीतरी विचारलं, हे यहुदी ओळखावे कसे? पंतांनी नाकाचं वर्णन केलं. बाकदार, टोकाला खाली वळलेलं, घाटदार. ते ऐकून सभेच्या नजरा काशीरामशेटांच्या नाकावर गेल्या आणि सभ्यपणे परत आल्या. पंतांनी घाईघाईने दुसरी खूण सांगितली. "ते शनिवार पाळतात. त्या दिवशी कामाला हात लावत नाहीत."

मग एक आवाज आला, "म्हणजे आपला एलोजी?"

दुसऱ्या दिवशी घाण्यावर ही गर्दी. तेल कुणालाच नको होतं, सगळ्यांना एलोजी बघायचा होता. एलोजीचं नाक भाकरीसारखं पसरट, पण तेवढ्याने कुणाचं समाधान होईना. शेजारी राहणारा रावजी गवंडी म्हणाला, "एलोजी, राजांना कर्जं देतात ते तुजे कोन?"

"कुठल्या राजांना?"

"बघा," रावजी बाकीच्यांना म्हणाला, "नाव काढीत नाय."

तेव्हापासून एलोजीचं प्रत्येक करणं पुरावा झालं. फाटका सदरा घातला तर पैसा लपवतो. उधारी मागितली नाही तर मुद्दाम साठू देतो. माप जास्त भरलं तर त्यामागे काहीतरी खोल डाव. आणि वर्षातून एकदा दार लावून बसतो, ते कशासाठी? मोजायला! काशीरामशेटांचं व्याज देऊन परत येणारा माणूस वाटेत घाण्याजवळ थुंकायला लागला. व्याज शेट घ्यायचे आणि शिव्या तेल्याला पडायच्या. ही सोय शेटांना फार आवडली.

वर्षभराने गावात 'रत्नोदय सहकारी पतपेढी' निघाली. काशीरामशेट चेअरमन, पंत चिटणीस. खजिनदार कोण हा प्रश्न आला तेव्हा पंतांनी टेबलावर मूठ आपटली. "विलायत ज्यांना शरण गेली, त्यांच्यातला माणूस आपल्या गावात घाण्याला बैल जुंपतोय! काट्याने काटा काढावा. त्यांच्या रक्तातच आहे ते."

पंत स्वतः घाण्यावर गेले. आजवर ते एलोजीला "अरे एलोजी" म्हणत. त्या दिवशी म्हणाले, "एलोजीशेट, आपण नाही म्हणू नये."

"पंत, मला सातापुढचे पाढे येत नाहीत."

"हा आपला विनय."

"विनय नाही हो. सारूला विचारा."

सारूबाई तिळाच्या पोत्यामागून म्हणाली, "सातचा पण येत नाय."

पंत कौतुकाने हसले. इतकं बेमालूम लपवता येणं ही त्या लोकांची खासियत, असं त्यांच्या पुस्तकातच होतं.

इथे एलोजीचीही एक गोष्ट सांगायला हवी. जन्मभर ज्याला कुणी ओट्यावर बस म्हटलं नाही, त्याला खुर्ची मिळत होती. त्याने हो म्हटलं. एक काळा कोट शिवून घेतला. पेढीच्या उद्घाटनाला तो कोट घालून काशीरामशेटांच्या शेजारी बसला, गळ्यात हार पडला, तेव्हा त्याला वाटलं, कुणी सांगावं, असेलही आपल्या रक्तात काहीतरी. आजवर तेलाच्या वासात कळलं नसेल. सावकारी जमते का हे पाहायला त्याने रावजीला पाच रुपये व्याजाने दिले. महिन्याभराने तो वसुलीला गेला. रावजीच्या पोरीचा कान ठणकत होता. एलोजी घरी परत आला, कोमट तेल घेऊन गेला, ते तिच्या कानात घातलं आणि रावजीच्या घरचा चहा पिऊन आला. पैशांचा विषय निघालाच नाही.

"जमली सावकारी?" सारूबाईने विचारलं.

"बोलायला सवड मिळाली नाय."

पेढीच्या तिजोरीची किल्ली खजिनदाराकडे असायची. पण कमिटीची बैठक ठेवली शनिवारी. एलोजीने हात जोडून सांगितलं की त्या दिवशी आपण पैशाला शिवत नाही. काशीरामशेट उदारपणे म्हणाले, "काही अडचण नाही. शुक्रवारी संध्याकाळी किल्ली माझ्याकडे ठेवायची, रविवारी घेऊन जायची. धर्माच्या आड आम्ही येणार नाही." अशी ती किल्ली दर आठवड्याला शब्बाथाचा, शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लागण्याआधी शेटांच्या घरी जायची. शेटांच्या धर्मसहिष्णुतेचं पंतांनी एका भाषणात कौतुकही केलं.

मग मोटार आली. काशीरामशेटांचा भाचा लवू मुंबईला जाऊन आला होता, त्याच्या डोक्यात मोटार सर्व्हिसचं खूळ शिरलं. बैठकीत ठराव झाला आणि पेढीने भाच्याला कर्ज दिलं. बोट खोल पाण्यात थांबली, दोन मालवाहू पडाव एकाला एक बांधून त्यांवर फळ्या टाकल्या, आणि मोटार डुलत डुलत बंदराला लागली. सगळं गाव बंदरावर. शेटांनी पेढीचं नाव रंगवलेल्या थैल्या सगळ्यांसमक्ष मुंबईच्या एजंटाच्या हातात दिल्या आणि पेढे वाटले. मग मोटार वाजतगाजत मारुतीच्या देवळासमोर नेली. पुजारी म्हणाला, मोटारीच्या चाकावर आणि देवावर तेल घाला. तेल कुणीच आणलं नव्हतं. शेटांनी जनीला घाण्यावर पिटाळलं. ती हात हलवत परत आली. घाणा बंद होता.

"पेढीची मोटार, आणि पेढीचा खजिनदार चमचाभर तेल देत नाही!" काशीरामशेट सगळ्यांदेखत गरजले. शेवटी दिव्यातलं तेल काढून चाकाला लावलं.

रविवारी एलोजीने किल्ली आणली, तिजोरी उघडली आणि तो पंतांकडे धावला. "पंत, पेटी हलकी लागतेय."

"रक्कम कामाला लागलीय, शेट. बाहेर फिरते तीच खरी रक्कम. आत पडून राहील ती मेली. आता हे का मी आपल्याला सांगायला हवं?"

एलोजीला काही कळलं नाही. पण ज्याच्या रक्तात पेढ्या आहेत त्याने हे विचारायचं कसं? त्याने मान डोलावली. पुढे तो सारूबाईला म्हणायचा, माझं पाप म्हणशील तर ती मान.

मोटार हातखंब्याच्या पुढे धडपणे कधी गेली नाही. चढ आला की उतारू खाली उतरून ढकलायचे आणि वर पोचल्यावर लवू त्यांच्याकडून पूर्ण भाडं घ्यायचा. दुसऱ्या पावसाळ्यात तिचं इंजिन बसलं ते उठलंच नाही. फणसाखाली उभी राहून ती गंजली, आत कोंबड्यांनी अंडी घातली. बत्तीस साली दिवाळीला लोक पेढीत ठेवी मागायला गेले, तेव्हा दाराला कुलूप.

पंतांनी वाचनालयाच्या पायरीवर उभं राहून लोकांना धीर दिला. "पैसा नाहीसा होत नसतो. तो कुणाकडे तरी जातो. कुणाकडे गेला असेल, मी नाव घेणार नाही. इतिहास सांगेल."

इतिहासासाठी कुणी थांबलं नाही. पहारी आणि कुदळी घेऊन पन्नासेक माणसं घाण्यावर आली. सोनं जमिनीत पुरलंय असं एकमत होतं, फक्त कुठे यावर मतभेद होते. काहींनी तेलाचे डबे पालथे करून बघितले. ओटाभर तेल झालं आणि खणायला आलेले त्यावरून घसरून पडायला लागले. बैल बुजला, कुणीतरी त्याचं दावं कापलं, तो आळीतून पळाला. एलोजी घाण्याच्या लाकडी लाटेवर हात ठेवून उभा होता. काळा कोट खुंटीला होता, तोही कुणीतरी उसवून पाहिला.

परसात रावजी गवंडी पहार मारत होता. जमीन जांभ्या दगडाची, ठिणग्या उडत होत्या. सारूबाई कमरेवर हात देऊन त्याच्यापाशी गेली.

"रावजी, खणतोसच तर जरा डावीकडं सरक."

"का? तिथं हाय?"

"तिथं माड लावायचा हाय मला. जांभ्यात खड्डा मारायला मजुरी परवडत नाय. आणि हातभर आणखी खोल जाऊ दे."

रावजीने पहार थांबवली. मग, ही बाई इथून हुसकावतेय म्हणजे सोनं इथेच, असं ठरवून तो होता तिथेच जोराने खणायला लागला. दुपारपर्यंत परसात खड्डेच खड्डे. निघाला तो एक फुटका पाटा. सोनं सापडलं नाही त्याअर्थी ते मुंबईला पोचलं, असा निष्कर्ष काढून मंडळी जेवायला गेली.

संध्याकाळी बैल आपण होऊन परत आला. एलोजी त्याच्या मानेवर हात फिरवत म्हणाला, "सारू, एक सांगू? ते खणत होते तेव्हा मीपण दोनदा वाकून बघितलं."

"कशाला?"

"म्हटलं, निघालं तर!"

सारूबाई हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मग दोघं मिळून ओट्यावरचं तेल मातीने टिपत बसली.

महिन्याभरात सहकारी खात्याचे एक साहेब पुण्याहून आले. वाचनालयात सभासदांची सभा भरली. साहेब सर्दीने बेजार होते आणि त्यांना लवकर संपवायचं होतं. पंतांनी आरोप मांडला. किल्ली खजिनदाराची, तिजोरी रिकामी. पुढे त्यांनी विलायतेचा इतिहास सुरू केला, तेव्हा साहेबांनी रुमालातून हात वर केला. "इतिहास नको. खजिनदार काय म्हणतात?"

एलोजी उभा राहिला. "साहेब, मला... त्यातलं कळत नव्हतं. मी मान डोलावली," एवढंच तो म्हणाला आणि खाली बसला. सभेत कुजबुज झाली : कबूल केलं!

जनीची पेढीत थोडी ठेव होती, म्हणून ती सभासद. ती दाराशी टोपलीवर बसली होती. ती तिथूनच ओरडली, "अरे, कसली कबुली? थैल्या बंदरावर कोनी दिलान? सगळ्यांनी पेढे खाल्लांव न्हवं? मी दोन खाल्ले!"

साहेबांनी रुमाल खाली घेतला. "कुणी दिल्या थैल्या?"

"ह्या काशीरामशेटनी. भाच्याच्या मोटारीला. शनवार होता. मारुतीला तेल हवं झालं, तर शेटनी मलाच धाडलानी घाण्यावर. घाणा बंद. शेट किती बोल्ले त्या दिवशी ह्याला, सगळ्यांनी ऐकलांव. जो मानूस शनवारी चूल पेटवीत नाय, तो तिजोरी उघडंल?"

ही गोष्ट तिथल्या प्रत्येकाला माहीत होती. थैल्या प्रत्येकाने पाहिल्या होत्या, पेढा प्रत्येकाच्या पोटात होता. भिकाजी मास्तर तेवढे पुटपुटले, "मीही खाल्ला. साखर जास्त होती."

साहेबांनी निकाल लिहिला. दोष चेअरमनचा, वसुली त्याच्या मालमत्तेतून. मोटार लिलावात एका लोहाराने पत्र्याच्या भावाने घेतली. काशीरामशेटांनी एक आंब्याची बाग विकली आणि ठेवीदारांना रुपयाला आठ आणे मिळाले.

गावाने काशीरामशेटांना वाळीत वगैरे टाकलं नाही. उलट बाग गेली म्हणून लोक हळहळले. पंत आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत, आणि पडले ते नवा सिद्धांत घेऊनच. "चोरीच्या दिवशी हजर न राहणं, हीच तर कला! स्वतः नामानिराळं राहायचं, आणि आमच्या हातून पाप घडवायचं. बिचाऱ्या शेटांना गोवलं." हे लोकांना पटलं. पटायला सोपं होतं, कारण त्यात पेढा खाल्लेल्या कुणाचाच दोष नव्हता. त्याच सुमारास जर्मनीच्या बातम्या वर्तमानपत्रांतून यायला लागल्या. तिथे यहुद्यांच्या दुकानांत गिऱ्हाईक शिरू नये म्हणून दारासमोर पहारे बसवले होते. पंत त्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवत आणि म्हणत, "बघा, तिकडच्या लोकांनाही आता कळलं." एलोजी एकदा उभा राहून ते ऐकत होता. घरी आल्यावर त्याने विचारलं, "सारू, तिकडचे आपले लोक काय धंदा करत असतील?"

"तेल काढत असतील. तुमच्यासारखे."

त्या रात्री तो जेवला नाही.

गिऱ्हाइकं मात्र हळूहळू परत आली. तेल चांगलं होतं, आणि दुसरा घाणा लांब होता. रावजीही आला. पाच रुपयांचं नाव न काढता पावशेर तेल उधार घेऊन गेला. सारूबाईने परसातल्या खड्ड्यांत रोपं लावली आणि पाणी घालताना प्रत्येक खड्डा ज्याने खणला त्याच्या नावाने ओळखायला लागली. रावजीचा माड सगळ्यांत जोमाने वाढला.

छत्तीस साली गावात नवी पतपेढी निघायची ठरली. एका सकाळी पंत घाण्यावर आले. मागे काशीरामशेट, त्यांच्या मागे लवू. पंत कितीतरी वर्षांनी पुन्हा "एलोजीशेट" म्हणाले.

"झालं गेलं विसरून जावं. पैशातलं आपल्या लोकांना जे कळतं ते आम्हाला कधी कळणार? खजिनदारी आपणच घ्यायची."

एलोजी बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधत होता. त्याने गाठ नीट बसवली.

"पंत, तुमच्या पुस्तकात जो एलोजी आहे ना, त्याला बोलवा. त्याला सगळे पाढे येतात. मला घाणा लावायचाय."

तिघे ओटा उतरून आळीत गेले. मानधन वाढवून हवं असावं, असं पंतांचं मत पडलं. काशीरामशेट म्हणाले, तसं असेल तर परवडणार नाही. शेवटी खजिनदारी लवूला दिली, कारण मोटारीच्या प्रकरणामुळे त्याला मोठ्या रकमांचा अनुभव होता.

"कोण आलं होतं?" आतून सारूबाईने विचारलं.

"पंत."

"तेल नेलं?"

"नाय."

"मग उगाच आले. ते तिळाचं पोतं उचला बघू, उंदरांनी कोपरा कुरतडलाय."

एलोजीने पोतं उचललं.